नापास व्हायची भीती वाटतेय? निदान या चुका तरी टाळा (मी जवळपास सगळ्या केल्यात)

ज्या ट्रेनिंगमधे दर आठवड्याला मार्कांची लिस्ट लागते आणि खालच्या काही जणांना सरळ बाहेर काढतात तिथे भीती वाटणारच, ती वाटली म्हणून आपण कच्चे असं काही नसतं. माझं म्हणणं एवढंच की भीतीमुळे माणूस ट्रेनिंगमधून बाहेर पडत नाही, ती लपवायला जे उद्योग करतो ना त्यामुळे पडतो. त्या उद्योगांबद्दलच लिहितेय.

मुद्दाम अर्धवट तयारी करणे

ही सगळ्यात वाईट, कारण करणाऱ्यालाच कळत नाही. टेस्टच्या आदल्या रात्री अचानक कपाट आवरायला घ्यायचं, मग मोबाईलमधले जुने फोटो डिलीट करत बसायचं आणि सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "अगं मी काही वाचलंच नाहीये!" मी हे इतकं सफाईने करायचे की मलाच खरं वाटायचं. पडलो तर "वाचलंच नव्हतं ना", निघालो तर "बघ, न वाचता!" दोन्हीकडून आपली इज्जत शाबूत.

यावर १९७८ सालचा बर्ग्लास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग आहे. काही जणांना सुटूच शकणार नाहीत असे प्रश्न दिले आणि वर "छान सोडवलेत" असं सांगितलं. पुढच्या टेस्टआधी दोन औषधांतलं एक निवडायचं होतं, एक म्हणे डोकं तल्लख करणारं, दुसरं मंद करणारं. आपल्याला यश कसं मिळालं हेच ज्यांना उमगलं नव्हतं त्यांच्यातल्या पुरुषांनी मंद करणारं औषध जास्त निवडलं. म्हणजे पुढच्या वेळी पितळ उघडं पडायच्या आधीच कारण तयार! (बायका हे करत नाहीत असं कुणी म्हणू नका, माझं कपाट साक्षीला आहे.)

यावर मला एकच गोष्ट लागू पडली. रात्री एकाच माणसाला मेसेज करायचा, "९ ते १०:३०, चौथ्या चॅप्टरचे प्रश्न", आणि सकाळी फक्त झालं की नाही झालं एवढंच कळवायचं. कारण सांगायचं नाही, समोरच्यानेही विचारायचं नाही.

नुसतं वाचत राहणे

मॉक टेस्ट दिली तर आपलं खरं कळेल म्हणून मॉक टाळायची आणि तेच पान परत परत वाचायचं. माझ्या वहीत चार रंगांचे हायलायटर होते, शेवटी शेवटी पांढरी जागा शोधावी लागायची. वाचताना ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं, पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मधे हे तपासलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी मधे आठवून लिहून काढलं होतं ते पुढे. तेव्हा पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल तेवढं लिहा. पहिल्या दिवशी अर्धं पानही भरत नाही आणि फार वाईट वाटतं, वाटू दे.

लिस्टकडे बघत बसणे

एकदा बघा आणि बंद करा. रात्री ११ ला परत उघडून पहिल्या नंबरच्या मार्कांतून आपले वजा करून काही मिळत नाही. त्यापेक्षा आपला पेपर घ्या आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, माहीतच नव्हतं, घाईत चुकलं, की वेळ पुरला नाही. तिन्हीचं औषध वेगळं आहे. मी दोन महिने जास्त वाचत होते आणि निम्म्याच्या वर चुका घाईच्या निघाल्या!

"शांत हो, शांत हो" करत राहणे

छाती धडधडत असताना शांत व्हायला सांगितलं की अजून धडधडते. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषण आणि गणित या दोन्हींत "मी एक्सायटेड आहे" असं स्वतःला म्हणणाऱ्यांनी शांत व्हायला बघणाऱ्यांपेक्षा चांगलं केलं. धडधड तीच राहते, फक्त तिला नाव दुसरं द्यायचं. म्हणताना वेड्यासारखं वाटतं हे खरंय.

आणि पेपर हातात आल्यावर सगळं पुसल्यासारखं झालं तर पेन खाली ठेवा, दोन-तीन श्वास सावकाश सोडा आणि सगळ्यात सोपा दिसेल तो प्रश्न आधी घ्या, एक ते शंभर त्याच क्रमाने सोडवायचे असा नियम कुणी केलेला नाही. झोप लागत नसेल तर आधी कॉफी बघा, त्यातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास जातात, म्हणजे संध्याकाळी ६ ची कॉफी ११ ला अर्धी अंगात असते. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, नको नको ते विचार येतायत असं असेल तर हे लेख वाचत बसू नका, डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जा.

पडलो तर काय, हे कधीच न लिहिणे

लोक म्हणतात निगेटिव्ह विचार नको. मी उलट सांगेन, एका कागदावर लिहूनच टाका, नाव गेलं तर पहिला फोन कुणाला, पुढच्या बॅचचा फॉर्म कधी, तोपर्यंत पैशांचं काय. माझा कागद वहीच्या मागच्या कव्हरमधे होता. सातव्या लिस्टला माझं नाव नव्हतं. बाहेर येऊन कागद काढला, पहिलं नाव ताईचं होतं, तिला फोन लावला तर बिझी. मग दुसऱ्या नंबरला लावला.