घर बदलताना हात कुठे सैल सोडायचा, कुठे आखडायचा

पुण्यातल्या पुण्यात आम्ही आजवर चार भाड्याची घरं बदलली. पहिल्या वेळी पैसे वाचवायचे म्हणून जुनं घर सोडायची आणि नवं ताब्यात घ्यायची तारीख एकच ठेवली. पेस्ट कंट्रोल ‘नंतर बघू’ म्हणून राहिलं. तीन आठवड्यांनी ओट्याखालच्या झुरळांनी ते बघायला लावलं, तेव्हा लावून झालेलं अख्खं स्वयंपाकघर पुन्हा हॉलमध्ये काढावं लागलं. आणि त्याच महिन्यात नव्या घराच्या उत्साहात घेतलेले पडदे खिडक्यांना चार बोटं तोकडे निघाले.

तेव्हापासून प्रत्येक खर्चाआधी मी एकच गोष्ट विचारते: सामान लागल्यावर हे करता येईल का? येत असेल तर आत्ता पैसे काढायचे नाहीत. येत नसेल, किंवा दुप्पट त्रासाने येणार असेल, तर तिथे हात आखडायचा नाही. पुढचे टप्पे शहरातल्या शहरात दोन बेडरूमचं भाड्याचं घर बदलणाऱ्यांसाठी आहेत. गाव बदलत असाल तर फरक कुठे पडतो, ते ओघात येईलच.

१. अडकणारे पैसे वेगळे मोजा

वहीच्या पानावर दोन रकाने करा: जाणारे पैसे आणि अडकणारे पैसे. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण नव्या मालकाला ते किल्लीआधी द्यावं लागतं आणि जुना मालक रिकामं घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात खिशात घालत नाही. मधल्या काळात दोन्हीकडचे पैसे अडकतात. समजा भाडं २२,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं आणि एजंटची एक महिन्याची दलाली धरली, तर टेम्पो दारात यायच्या आत १,०४,००० रुपये गेलेले असतात. ही रक्कम हाताशी नसेल तर बाकीची काटकसर कागदावरच राहते.

दलालीची घासाघीस घर बघायच्या आधी करा. घर आवडल्याचं तोंडावर दिसलं की एजंट एक रुपया सोडत नाही. अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली द्यावी लागेल का, हेही तेव्हाच विचारा.

जुन्या मालकाला करारात लिहिलेल्या मुदतीप्रमाणे लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लिहून. रंगाचे पैसे कापणार का, किती कापणार, हे त्याच वेळी विचारून टाका. खिळ्यांची भोकं स्वतः पुट्टीने बुजवा. पाव किलोच्या पुडीत सगळं घर होतं. नाहीतर तीच भोकं डिपॉझिटमधून फार महाग पडतात.

२. चार दिवस दोन्ही घरांचं भाडं भरा

वाया गेल्यासारखा वाटणारा हा खर्च माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे. २२,००० भाड्याला दिवसाचे साधारण ७३५ रुपये पडतात, म्हणजे चार दिवसांचे तीन हजारांच्या आत. नवा मालक समजूतदार असेल तर किल्ली दोन-तीन दिवस आधी फुकटही देतो, पण ते शब्द टाकल्याशिवाय होत नाही.

या रिकाम्या घरात कामं कोणत्या क्रमाने करायची, हे महत्त्वाचं. आधी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन. सगळे नळ सोडून बघा, फ्लश ओढा, गळती कुठे आहे ते शोधा. एसी आणि गीझरच्या जागी १६ अँपिअरचा सॉकेट आहे का ते पाहा. मग ड्रिलची कामं: एसी, आरसा, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांचे हूक. त्यानंतर रंग असेल तर रंग, मग पेस्ट कंट्रोल, आणि शेवटी धुऊनपुसून सफाई. सफाई आधी आणि ड्रिल नंतर केलं की सफाईचे पैसे दोनदा जातात.

मुख्य दाराच्या लॅचची जुनी किल्ली किती जणांकडे गेली आहे, हे मालकालाही माहीत नसतं. त्याला विचारून आतला सिलिंडर बदलून घ्या.

टेप घेऊन जा. फ्रिजची जागा, वॉशिंग मशीनच्या नळापासून प्लगपर्यंतचं अंतर, दारांची रुंदी, आणि लिफ्टची आतली मापं. लिफ्टची मापं कोणी घेत नाही. आम्हीही घेतली नव्हती, आणि तीन जणांच्या सोफ्याने सहाव्या मजल्यापर्यंत जिन्याने प्रवास केला. प्रत्येक मजल्याचे हमालांनी वेगळे पैसे लावले. त्यांचं काही चुकलं नाही.

३. सामान आधी घटवा, भाव नंतर मागा

टेम्पोवाला किंवा पॅकर्सवाला भाव सांगतो तो दिसणाऱ्या सामानावर. म्हणून माळा रिकामा केल्याशिवाय त्याला घरी बोलावू नका.

मोठ्या वस्तूंचा हिशेब असा करा: ही नेऊन बसवायला लागेल तो खर्च एका बाजूला, आणि तशीच जुनी वस्तू आज बाजारात ज्या भावाला मिळेल तो दुसऱ्या बाजूला. प्लायचा पलंग एकदा उकलला की त्याच्या स्क्रूंची पकड जाते. दुसऱ्या उकलण्यानंतर तो करकरतोच. असला पलंग विकून नवीन घरात महिनाभर गाद्या जमिनीवर टाकलेल्या परवडतात. उलट जुनं गोदरेजचं कपाट जड असलं तरी न्या. आजच्या पातळ पत्र्याच्या कपाटात ती ताकद नाही.

रद्दी आणि भंगार वेगळं काढा. जुन्या साड्या मात्र बोहारणीला द्यायची घाई करू नका, पुढे त्या कामाला येणार आहेत. पुस्तकांबद्दल मी कोणाला सल्ला देत नाही. आमच्या घरी त्यावरून भांडण झालेलं आहे.

४. टेम्पो-हमाल की पॅकर्स अँड मूव्हर्स?

शहरातल्या शहरात, सामान बेताचं, दोन्हीकडे लिफ्ट आणि हाताशी दोन-चार माणसं असतील, तर छोटा हत्ती आणि तीन-चार हमाल पुरतात. दोन खेपा धरा. सामान जास्त असेल तर ४०७, म्हणजे टाटाचा मोठा टेम्पो, घेऊन एकाच खेपेत उरका. पण मोठी गाडी गल्लीत वळते का आणि सोसायटीच्या कमानीखालून जाते का, हे आधी बघून या. गाडी रस्त्यावर थांबली आणि सामान दोनशे पावलं उचलून न्यायचं झालं, की ठरलेला भाव तिथेच संपतो.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय उतरवायचं असेल, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल, किंवा गाव बदलत असाल, तर पॅकर्सना पैसे द्या. इथे हजार-दोन हजार वाचवायला जाऊन माणसाची पाठ धरते.

पॅकर्सचा भाव फोनवर घेऊ नका. माणूस घरी येऊन सामान बघून गेला पाहिजे आणि भाव लेखी आला पाहिजे. त्यात या गोष्टी असाव्यात: दोन्हीकडचे मजले आणि लिफ्ट, पलंग उकलणं-जोडणं, एसी काढणं-बसवणं, पॅकिंगचं साहित्य, जीएसटी, आणि ‘आणखी काही लागणार नाही’ असं एक वाक्य. तिघांकडून भाव घ्या. दोघांचा आसपास आणि तिसऱ्याचा निम्मा आला, तर तिसरा सोडून द्या. गाडीत सामान चढवून झाल्यावर भाव वाढवायचा आणि दिल्याशिवाय उतरवायचं नाही, हा धंदा जुना आहे. आमच्या ओळखीतल्या एकांची गाडी असाच वाद घालत नव्या सोसायटीच्या दारात दोन तास उभी होती. आगाऊ रक्कम थोडी द्या, बाकीची सामान उतरल्यावर.

वाचवायची जागा पॅकिंगमध्ये आहे. कपडे, अंथरुणं, डबे, स्टीलची भांडी, पुस्तकं हे सगळं स्वतः भरा. कपड्यांना खोकी लागतच नाहीत: जुन्या साडीत किंवा चादरीत घट्ट बोचकी बांधा. बिस्किटांची खोकी किराणा दुकानदार हसत देतो. पुस्तकं मात्र लहान खोक्यांतच भरा, मोठं भरलं तर तळ फाटतो. काचेच्या वस्तूंना गोधड्या आणि साड्यांचं अस्तर बबल रॅपच्या तोडीचं होतं. पैसे खर्च करायचे ते चांगल्या रुंद टेपवर आणि जाड मार्करवर. खोक्यावर ‘किचन’ एवढंच लिहू नका, ‘किचन: मिसळणाचा डबा, कुकर, पहिल्या दिवशी उघडा’ असं लिहा.

टीव्ही, काचेचा टीपॉय आणि आरसा पॅकर्सनाच बांधू द्या. मोडतोडीबद्दल बोलायचं तर बांधणी त्यांची असलेली बरी; आपण भरलेल्या खोक्यातली फूट बहुतेक जण मान्य करत नाहीत. गाव बदलत असाल तर सामानाचा विमा घ्या. त्यासाठी वस्तू आणि किंमत यांची यादी द्यावी लागते. यादीत जे नाही त्याची भरपाई मागता येत नाही. दागिने, रोकड, कागदपत्रं आणि लॅपटॉप आपल्याबरोबरच.

तारखेतही पैसे वाचतात. महिन्याची अखेर, रविवार, आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीचे मेचे शेवटचे दिवस, तेव्हा सगळं शहर शिफ्टिंगवर असतं. महिन्याच्या मध्यावरचा मंगळवार-बुधवार गाठा. पितृपक्षात पुष्कळ लोक नव्या घरात जात नाहीत. तुम्हाला चालत असेल तर भाव करायला जागा मिळते. सामान कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत आणू देतात आणि लिफ्टचे पैसे घेतात का, हे दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आधी विचारा.

५. यंत्रांच्या बाबतीत कंजुषी नको

समोरून उघडणारं वॉशिंग मशीन विकत घेताना त्याच्या पाठीला तीन-चार लांब बोल्ट असतात. बसवणारा ते काढून तुमच्या हातात देतो आणि तुम्ही ते कुठेतरी ठेवता. ते शोधा. प्रवासात आतला ड्रम त्यांनीच घट्ट धरलेला असतो. ते न लावता टेम्पोत चढवलं तर ड्रम गचके खातो आणि त्याला तोलणाऱ्या स्प्रिंग जातात. बोल्ट सापडत नसतील तर कंपनीच्या सर्व्हिसमधून मागवा. दुरुस्तीच्या मानाने ते स्वस्त.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या आणि नव्या घरी पोचल्यावर काही तास थांबून चालू करा. एसी मात्र जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या. तो गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि मग पाइप सोडतो. घाईत पाइप कापणाऱ्याला स्वस्तात बोलावलं की नव्या घरात गॅस भरायचे पैसे वेगळे लागतात. तांब्याचा पाइपही जुनाच वापरता येतो का, ते विचारा.

६. गॅस, वीज आणि करार

त्याच शहरात राहणार असाल तर सिलिंडर परत करावा लागत नाही; वितरकाकडे जोडणी बदलून घेता येते. दूरच्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून कागद घ्या आणि अनामत परत मागा. लोक ती विसरतात.

महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मालकाकडून घेऊन नव्या घराचं बिल थकलेलं नाही ना ते बघा. किल्ली घेताना आणि जुनी देताना, दोन्ही वेळा मीटरचा फोटो काढा.

करार नोंदवायचा कंटाळा करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा अकरा महिन्यांचा, करार लेखी असणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल आणि वाद झाला, तर मालकाने दुसरं सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ही गोष्ट टाळाटाळ करणाऱ्या मालकाला गोड शब्दांत सांगितली की काम होतं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे ते सहाशे-सातशेच्या घरात जातात. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटची फी. रिवाजाने हा खर्च दोघांत निम्मा होतो, पण तसं आधी बोलून घ्या.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जे बिनवापर शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसतं आणि ते मालकाने भरायचं असतं. तुमच्या भाड्यावर कोणी ते चढवत असेल तर विचारायला लाजू नका.

७. पहिला महिना बाजारात जाऊ नका

नव्या घरात पाऊल टाकलं की शू रॅक, पडदे, कोपऱ्यातलं टेबल, सगळं आजच हवंसं वाटतं. महिनाभर थांबा. ऊन कुठून येतं, पाऊस कोणत्या खिडकीतून आत येतो, जेवायला खरोखर कुठे बसता, हे राहिल्याशिवाय कळत नाही. तोवर खिडकीला जुनी चादर चालते. बादल्या, बल्ब, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि पायपुसणं एवढंच घ्या.

शिफ्टिंगच्या दिवशी एक पिशवी मात्र टेम्पोत चढू देऊ नका. तिच्यात लहान पातेलं, अर्धा लिटर दूध, साखर, चहा, हमालांसाठी कागदी कप, मोबाइलचा चार्जर, कात्री आणि देवघरातले देव. भाड्याच्या घराची वास्तुशांत कोणी करत नाही, पण दूध उतू घालतात, आणि त्याला गॅस जोडलेला लागतो. आमच्या चौथ्या घरी गॅस होता, दूध होतं, देव होते. लायटर ‘किचन’ लिहिलेल्या सात खोक्यांपैकी एकात होता. शेवटी खालच्या वॉचमनकडून काडेपेटी आणली.