डॉक्युमेंटरी बघायची सवय लावायचीय? मग सुरुवात अशी करा

डॉक्युमेंटरी म्हटलं की अजून बऱ्याच जणांना वाटतं आता कोणीतरी भारदस्त आवाजात माहिती सांगणार आणि आपण शाळेत बसल्यासारखं ऐकायचं. त्यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे कितीतरी वर्षं थिएटरात मेन पिक्चरच्या आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची रीळ दाखवायलाच लागायची, धरणं, पूर, मंत्र्यांची उद्घाटनं वगैरे, घरातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात तेच बसलंय. (त्याच फिल्म्स डिव्हिजनने 1967 मध्ये 'आय अ‍ॅम ट्वेंटी' पण केली होती, स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली विशीतली पोरं देशाबद्दल मनातलं बोलतात, आज बघितली तरी ताजी वाटते. असो.)

माझं म्हणणं एवढंच आहे की चांगली डॉक्युमेंटरी मनाला लागते ती दिग्दर्शकाने त्या माणसांना दिलेल्या वेळामुळे. कॅमेरा इतके दिवस तिथे राहतो की लोक त्याच्यासमोर भांडतात, थकतात, लाजतात, आणि ते बघताना आपण पण त्यांच्या घरातलेच होऊन जातो. म्हणून निवडताना विषय किती महत्त्वाचा आहे हे नंतर बघा, आधी बघा बनवणारा किती थांबलाय.

पहिलीच फिल्म तीन तासांची लावू नका. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' लावा, फैझा अहमद खानची, 2008 ची, जेमतेम तासाभराची. मालेगावातले नासिर शेख आणि त्यांची मित्रमंडळी स्वतःचा सुपरमॅन पिक्चर बनवतात आणि ही फिल्म ते बनवणं दाखवते. हिरो शफीक, पॉवरलूमवर काम करणारा, अंगाने अगदी काडी, तो सुपरमॅनचा ड्रेस घालून उभा राहतो तेव्हा घरातले सगळे हसणारच, हसू द्या त्यांना, कारण थोड्या वेळाने तेच लोक गप्प होतात. लेखक फरोग जाफरी मुंबईबद्दल बोलायला लागतो तेव्हा कळतं की एका रात्रीच्या बसच्या अंतरावर असलेलं शहर एखाद्याला आयुष्यभर लांबच राहू शकतं. आणि एक करा, शफीकचं पुढे काय झालं ते आधी कोणाला सांगू नका. फिल्म संपल्यावर सांगा, की तो नंतर कॅन्सरने गेला. मग त्याचे उडायचे सीन परत लावून बघा. भाषा हिंदी-उर्दू असल्यामुळे आई-बाबांना सबटायटल वाचायची कटकट पण नाही, घरच्यांबरोबर बघताना हे फार महत्त्वाचं असतं, सबटायटल भराभर जायला लागली की मोठी माणसं दहा मिनिटांत मोबाईल काढतात.

मोबाईलवरून आठवलं, बसायच्या आधी दोनच गोष्टी करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ट्रेलर बघू नका. डॉक्युमेंटरीच्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात भारी क्षण आधीच दाखवून टाकलेला असतो.

पहिली फिल्म आवडली की 'हनीलँड' कडे या. ही 2019 ची, नॉर्थ मॅसेडोनियातली, आणि माझ्यासाठी तरी या सगळ्यात वरची. हातिजे नावाची एक बाई, गावात बाकी कोणी उरलेलं नाही, लाइट नाही, खाटेवर पडलेली म्हातारी आई, आणि कड्याच्या कपारीत रानमाशांची पोळी. ती मध काढताना अर्धा घेते, अर्धा माशांना ठेवते, आणि तसं त्यांना मोठ्याने सांगते पण. मग शेजारी एक भटकं कुटुंब येऊन राहतं, सात पोरं, गुरं, व्यापाऱ्याचं प्रेशर, ते सगळाच मध काढून घेतात आणि मग त्यांच्या उपाशी माशा हातिजेच्या माशांवर तुटून पडतात. निसर्गाचं एवढं मोठं गणित कोणीही भाषण न देता कळून जातं. दोन्ही दिग्दर्शक, तामारा कोतेव्स्का आणि ल्युबोमीर स्तेफानोव, आणि त्यांची टीम तीन वर्षं तिथे जात होती. हातिजेची तुर्की बोली त्यांना कळत नव्हती, म्हणून आधी नुसत्या दृश्यांवरच एडिटिंग बसवलं. त्यामुळेच ही फिल्म बघायची एक पद्धत सुचवतो, पहिली पंधरा मिनिटं सबटायटल बंद करून बघा. ती बाई आईला कशी भरवते, पोळ्यावर हात कसा ठेवते, तेवढ्यावरच सगळं समजतं. मग सुरुवातीपासून सबटायटल लावा. एक जागा अजिबात चुकवू नका, ती राजधानी स्कोप्येच्या बाजारात मध विकायला जाते आणि केसांचा रंग घेते, चेस्टनट शेड. डोंगरात म्हाताऱ्या आईसोबत राहणारी, कोणी बघायला नाही, तरी तिला केस छान दिसायला हवेत. मला ही फिल्म आठवते ती त्या रंगाच्या डबीमुळे. अशी बिनकामाची वाटणारी गोष्ट दिग्दर्शकाने ठेवली की समजायचं याने माणूस बघितलाय, नुसता विषय नाही.

बघताना मनात दोन-तीन प्रश्न ठेवा. म्युझिक कधी सुरू होतं? आपण रडायच्या आधीच व्हायोलिन वाजायला लागलं तर थोडं सावध व्हा. कोण बोलत नाहीये? आणि कॅमेऱ्यातल्या माणसाला या फिल्ममधून काय मिळालं? हातिजेला नंतर फिल्मवाल्यांनी जवळच्या गावात घर घेऊन दिलं. हे शोधायची सवय लावा, कारण आपल्याला हलवून सोडणारं दुःख कोणाचं तरी खरं असतं आणि तो माणूस क्रेडिट्स संपल्यावर पण तिथेच राहत असतो.

आता तीन तासांची. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड', 2011. मराठी माणसाने ही बघायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, 10 जण गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. हे तेच घोगरे जे पटवर्धनांच्या 1985 च्या 'बॉम्बे अवर सिटी' मध्ये गायले होते, म्हणजे दिग्दर्शकासाठी तो ओळखीचा माणूस होता, बातमीतलं नाव नव्हतं. पुढची 14 वर्षं पटवर्धन शूट करत राहिले, गोळीबाराची केस कोर्टात चालत राहिली, गाणी बदलत गेली, पुण्याच्या कबीर कला मंच या गाणाऱ्या गटातली शीतल साठे सारखी पोरं गायला लागली.

या फिल्मचा मोठा भाग गाण्यांचा आहे, त्यामुळे लॅपटॉपच्या स्पीकरवर बघू नका, बरे हेडफोन किंवा घरातला साउंडबार लावा, ढोलकी आणि कोरस नीट ऐकू आला पाहिजे. शब्द निसटले तर मागे जाऊन परत ऐका. एका बैठकीत नाही झाली तर दोन संध्याकाळी करा, काही बिघडत नाही, फक्त एखाद्या गाण्याच्या मधेच थांबवू नका. आणि एकट्याने बघू नका. चार जण बोलवा, शक्यतो वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या वस्त्यांतले.

संपल्यावर लगेच "कशी वाटली?" विचारू नका, त्याला "छान होती" हेच उत्तर येतं. "कुठला चेहरा लक्षात राहिला?" असं विचारा. प्रत्येकजण वेगळा चेहरा सांगतो, त्यावर बोलणं सुरू झालं की रात्रीचे अकरा कधी वाजतात कळत नाही, त्यामुळे चहाचं दूध जास्त आणून ठेवा आणि फिल्म संध्याकाळी सहाला लावा, साडेनऊला नाही.