दाढ ठणकायच्या आधी होणाऱ्या या चुका टाळा

दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की घरात आधी खर्चाचा विषय निघतो. निघायलाच हवा, कारण रूट कॅनाल आणि वरची कॅप हा महिन्याचं गणित कोलमडवणारा खर्च आहे, आणि घरात दोन मुलं असली तर तो दोनदा येऊ शकतो. पण हा खर्च ज्या किडीमुळे होतो, ती दुखायला लागण्याच्या कित्येक महिने, कधी काही वर्षं आधी सुरू झालेली असते. त्या काळात तिला थोपवायला ब्रश, साधी फ्लोराइडवाली पेस्ट, पाणी आणि रात्रीची पाच मिनिटं पुरतात. पैसा कमी पडतो म्हणून दात किडतात असं आपण समजतो. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक घरांत तो आधी चुकीच्या जागी खर्च होतो आणि मग नाइलाजाने महागाच्या जागी.

मुळात ‘कीड’ हा शब्दच आपली दिशाभूल करतो. दातात किडा नसतो. दातांवर जो चिकट, पांढुरका थर साचतो त्यात जिवाणू असतात. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले की ते जिवाणूही खातात आणि आम्ल तयार करतात. त्या थरातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली उतरला की दाताच्या इनॅमलमधली, म्हणजे वरच्या कडक आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते, कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दाताला देते. या सावरण्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. झीज आणि भरपाई अशी दिवसभर चालू असते. झीज पुढे गेली की खड्डा पडतो, आणि एकदा खड्डा पडला की इनॅमल पुन्हा उगवत नाही.

‘थोडंसंच तर गोड खातो’

एवढं समजलं की पहिली चूक आपोआप दिसते. आपण साखर किती खाल्ली ते मोजतो, पण किती वेळा खाल्ली ते मोजत नाही. चार बिस्किटं जेवणानंतर एकदम खाल्ली तर दातांवर आम्लाचा एक मारा होतो. तीच चार बिस्किटं तासातासाने एकेक करून खाल्ली तर चार मारे होतात, आणि मधे लाळेला सावरायला जेमतेम सवड मिळते. साखर तेवढीच, पोटाला फरक नाही, दातांना मात्र मोठा फरक.

हे स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या रुग्णालयातल्या प्रयोगांतून १९४०च्या दशकात आणि पुढच्या काही वर्षांत ठळकपणे पुढे आलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संमती देऊ न शकणाऱ्या रहिवाशांना मुद्दाम गोड देऊन ते केले गेले. असं कुणावरही कधीच व्हायला नको होतं, आणि आपल्याला हे ज्ञान त्यांच्या दातांच्या किमतीवर मिळालं आहे हे विसरू नये. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने किडीत फार भर पडली नाही. जेवणांच्या मधे चघळलेल्या चिकट टॉफ्यांनी मात्र दातांची दाणादाण उडाली.

म्हणून घरात गोड बंद करण्याचा हट्ट धरू नका, तो टिकत नाही. गोडाची वेळ बांधा. जेवणाला जोडून खा आणि मधल्या वेळेत तहानेला फक्त पाणी. सतत घोट घेण्याच्या बाटलीत सरबत, फळांचा रस किंवा गोड चहा भरून ठेवणं ही या चुकीतली सगळ्यात वाईट तऱ्हा. रस घरी काढलेला असला तरी त्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतात. फळ चावून खाल्लेलं कधीही बरं. आणि दाताला चिकटून राहणारं काही असेल, मग ते ‘पौष्टिक’ म्हणून विकलेलं का असेना, तर ते टॉफीच समजा.

रात्रीचा ब्रश झाला, मग दूध

झोपेत लाळ फार कमी होते. दिवसा जी लाळ दातांची राखण करते ती रात्री जवळजवळ रजेवर असते, म्हणून झोपण्यापूर्वी दातांवर जे राहतं ते सकाळपर्यंत राहतं. सकाळचा ब्रश आपण न चुकता करतो, कारण तोंडाला वास येतो, चारचौघांत जायचं असतं. रात्रीचा कंटाळा करतो. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी डोळे मिटून रात्रीचा निवडेन.

लहान बाळांच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. बाटली तोंडात देऊन झोपवलेल्या बाळाचं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती तसंच साचून राहतं, आणि त्यात साखर घातली असेल तर विचारायलाच नको. वरचे पटाशीचे दात आधी पांढुरके, मग तपकिरी होऊन कडांनी तुटू लागतात. खालचे पुढचे दात जिभेआड असतात म्हणून बऱ्याचदा वाचतात. हे चित्र दिसलं की कारण बहुधा रात्रीची बाटलीच असते. दूध पाजा, मग ओल्या स्वच्छ कापडाने किंवा छोट्या ब्रशने दात पुसा, मग झोपवा. बाटलीशिवाय झोपतच नसेल तर बाटलीत हळूहळू पाणी वाढवत शेवटी नुसतं पाणी द्या. काही रात्री रडारड होईल. तेवढी सोसा.

जाता जाता: खोकल्याची गोड औषधंही रात्रीच दिली जातात. औषध आधी, ब्रश नंतर.

पेस्ट महागडी, पण कामाची नाही

कोळसा, जडीबुटी, चमक, ताजेपणा, कार्टूनचं चित्र. यातल्या कशानेही कीड थांबत नाही. कीड थांबवणारा पेस्टमधला मुख्य घटक एकच, फ्लोराइड. ते विरघळू लागलेल्या इनॅमलमध्ये खनिजं परत बसवायला मदत करतं आणि तो भाग आम्लाला आधीपेक्षा चिवट बनवतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते १००० ते १५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान असेल तर ती पेस्ट कितीही स्वस्त असो, कामाची आहे. ते नसेल तर किंमत कितीही असो, किडीपुरती ती निरुपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. एवढं महत्त्व असलेली वस्तू आपण सुगंध बघून घेतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं किंवा फार कमी असतं. पालक बिचारे सुरक्षित म्हणून तीच आणतात. सुरक्षितता पेस्टच्या मापात आहे. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट दिसते, ती विसरा. पेस्ट मोठ्यांनीच लावून द्यावी आणि ट्यूब मुलांच्या हाताला लागू देऊ नये. म्हणजे ट्यूबही दुप्पट दिवस पुरते. जिथल्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, म्हणजे लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर, तिथे लहान मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरणं! आपल्या हाडीमाशी खिळलेली सवय आहे ही. पण पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर रेंगाळलं तरच काम करतं, आणि आपण ते लगेच धुऊन टाकतो. फेस नीट थुंका, पाण्याने चूळ भरू नका. पहिला आठवडा तोंडात विचित्र वाटतं, मग सवय होते. यासाठी एक पैसाही लागत नाही.

ब्रश मुलाच्या हातात, लक्ष दुसरीकडे

‘आमचा स्वतः ब्रश करतो’ असं पाच वर्षांच्या मुलाबद्दल कौतुकाने सांगितलं जातं. त्या वयाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी करून द्यावा किंवा निदान मुलाचं झाल्यावर एकदा फिरवावा. लहान मूल तोंड उघडत नसेल तर त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन त्याला उताणं झोपवा आणि वरून बघत ब्रश करा. वरच्या दाढांच्या मागच्या बाजूसुद्धा दिसतात, समोर उभं राहून कधीच दिसत नाहीत.

दोन मिनिटं, मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी थोडा तिरका धरून लहान लहान गोल. कडक ब्रशने जोरात घासल्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, हिरडी मात्र खाली सरकते. लिंबू चोळणं तर दाताला थेट आम्ल पाजणं आहे. आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रशही नको, अर्धा तास जाऊ द्या.

‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे’

या वाक्याने माझ्या मुलीची एक दाढ घालवली, म्हणून इथे जरा थांबते.

दुधाचे दात २०. पुढचे सहा-सात वर्षांचं असताना पडू लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने अजून सहा-सात वर्षं काढायची असतात. तिचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर जाते. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही.

माझी चूक याच्या पुढची होती. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते. अशा चार. दात पडलेला नसल्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. मी तिला दुधाचीच समजत होते. खड्डा दिसला तेव्हाही ‘पडेल’ म्हणाले. ती आयुष्यभराची दाढ होती.

ही दाढ पूर्ण वर यायला बरेच महिने घेते. तोवर ती शेजारणींपेक्षा ठेंगणी असते, आणि नेहमीसारखा पुढून मागे फिरवलेला ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून वेगळा फिरवावा लागतो. दाढेच्या माथ्यावरच्या खोल चिरा डॉक्टर एका पातळ थराने बुजवून देतात. त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असली कामं बहुधा कमी खर्चात होतात. दातांवर एकदाच पैसे घालायची ऐपत असेल तर मी ते या चार दाढांच्या सीलंटवर घालेन.

दिसतंय ते काय आहे, आणि आता काय

हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ किंवा डाग दिसला तर ती किडीची सुरुवात असू शकते, आणि बहुतेकदा इथून परत फिरता येतं. रात्रीचा ब्रश, फ्लोराइड, मधल्या वेळचं गोड बंद, आणि जमलं तर डॉक्टरांकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर द्यायचा फ्लोराइडचा पातळ लेप, लावून घ्या.

तपकिरी खड्डा, एकाच जागी सतत अडकणारं अन्न, थंड किंवा गोड लागताच उठणारी कळ. आता घरगुती उपाय संपले, पण या टप्प्यावर साध्या सिमेंटवर भागतं. लहान मूल घाबरत असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडबद्दल विचारा. हे औषध खड्ड्याला नुसतं लावतात आणि बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी माहीत असू द्या. मागच्या दुधाच्या दाढेवर काळा डाग मला तरी चालेल.

रात्री झोपेतून उठवणारा ठणका म्हणजे कीड नसेपर्यंत पोचल्याची खूण. आणि इथेच सगळ्यात महाग चूक होते: चार दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. दात बरा झालेला नसतो. आतली नस मेलेली असते, म्हणून दुखत नाही. जंतू मुळाच्या टोकाशी काम चालूच ठेवतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो. ठणका थांबला तरी डॉक्टरांकडे जा, थांबला म्हणूनच जा. मधल्या काळात अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. मुलांना अॅस्पिरिन मुळीच नको. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेणंही टाळा. सूज तात्पुरती दबते, मूळ तसंच राहतं.

चेहऱ्यावर सूज आणि ताप, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर सकाळची वाट बघू नका. लगेच रुग्णालयात जा.

आज रात्री ब्रश झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून मुलांच्या तोंडात एकदा बघा. वरचा ओठ उचलून हिरडीची कड, मग दाढांचे माथे, मग अगदी मागे, जिथे नवी दाढ डोकं काढत असेल ती जागा. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा, आणि तपकिरी ठिपका दिसला तर पुढच्या शनिवारवर ढकलू नका.