मूल नोटेशन वाचतंय की पाठ म्हणतंय? या चुका टाळा

खान्देशातल्या मुलांना नोटेशन, म्हणजे सूर लिहायची लिपी, शिकवताना पहिली अडचण येते ती त्यांच्या तयार कानाची. घरात आजीची कानबाई देवीची गाणी, गल्लीत भजनी मंडळ, लग्नसराईत बँड. चाल एकदा कानावर पडली की दुसऱ्या खेपेला पोरं बरोबरीने म्हणायला लागतात. मग वही समोर उघडी असते, बोट अक्षरांवरून फिरत असतं, सूरही बरोबर लागत असतात आणि आपल्याला वाटतं, आलं वाचायला. वही मिटून घेतली तरी तेच सूर आले असते, हे लक्षातच येत नाही. पुढे कधीतरी न ऐकलेली बंदिश हातात पडते आणि पोर गप्प बसतं.

तपासायला फार काही लागत नाही. पाठ झालेला अलंकार (स्वरांच्या ठरीव क्रमाचा सराव) मधूनच वाचायला सांगा; दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या मात्रेपासून, म्हणजे तालाच्या तिसऱ्या ठोक्यापासून, असं. वाचणारं मूल अडखळेल, पण तिथूनच सुरू करेल. पाठ म्हणणारं मूल मनातल्या मनात आरंभापासून धावत येतं. त्याचे ओठ हलताना दिसतात. किंवा एखादा स्वर गुपचूप बदला. ‘सारेग, रेगम, गमप’ या ओळीत शेवटी ‘गमध’ लिहून ठेवा. दहातली बहुतेक मुलं बिनधास्त ‘गमप’ म्हणून मोकळी होतात.

आधी गाऊन दाखवणं

हे शिक्षकाच्या हाडीमाशी भिनलेलं असतं, कारण आपलं संगीतच गुरुमुखातून येतं. ते तसंच यायला हवं, त्याबद्दल वाद नाही. पण वाचन शिकवायच्या पाच-सात मिनिटांत तोंड बंद ठेवायचं. तुम्ही ओळ गायलात की मुलाला ती वाचायची गरजच उरत नाही.

ओळ नवी हवी, स्वर मात्र जुने हवेत. ज्या पोराच्या गळ्यात सा, रे, ग पक्के बसलेत त्याला याच तिघांची उलटसुलट मांडणी द्या: ‘ग सा रे ग, रे रे सा –’. ज्याचा ‘ध’ अजून हलतोय त्याला ‘ध’ असलेली ओळ वाचायला देऊ नका. तो चुकला तर चूक डोळ्याची की गळ्याची हे तुम्हालाही कळणार नाही आणि त्यालाही. फळ्यावर रोज दोन नव्या ओळी पुरतात. त्या पुसून टाका. वहीत उतरवू दिल्यात की संध्याकाळपर्यंत पाठ झाल्याच म्हणून समजा.

आडवी रेघ गिळणं

स्वर चुकला की सगळ्यांना ऐकू येतो. मात्रा चुकली की फक्त तबलेवाल्याच्या कपाळाला आठी पडते. म्हणून शिक्षकही स्वरांमागे लागतात आणि खरा गोंधळ काळाच्या वाचनात राहून जातो.

ही केरवा तालातली ओळ बघा:

सा रे ग – । प – ग रे

आठ मात्रा आहेत. मूल म्हणतं ‘सा रे ग प ग रे’. दोन्ही रेघा गिळल्या, सहा मात्रांत ओळ संपली आणि पोरगं दोन मात्रा आधीच समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन उभं राहिलं. त्याला एकही स्वर चुकलेला वाटत नाही, आणि खरंच चुकलेला नसतो! दुसरं मूल याच्या उलट करतं: रेघ आली की आवाज बंद करतं. मात्रा बरोबर येतात, पण ‘ग’ तुटतो. रेघेचा अर्थ थांबणं नव्हे, मागचा स्वर पुढच्या मात्रेत धरून ठेवणं. हे तोंडाने सांगून डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा सूर बाजूला ठेवा, नुसतं बोलायला लावा, प्रत्येक मात्रेला टाळी: सा, रे, ग, अ, प, अ, ग, रे. रेघेच्या जागी ‘अ’ बोलला की आवाज चालू राहतो आणि मात्राही भरते. आठवडाभर असं बोलून झालं की मग सुरात.

याचीच जुळी भानगड म्हणजे एका मात्रेत दोन स्वर. नोटेशन लिहायच्या भातखंडे पद्धतीत अशा स्वरांखाली कंस असतो, चंद्रकोरीसारखा. मुलं तो पाहतच नाहीत आणि ‘सारे’ला दोन मात्रा देऊन बसतात. टाळी तीच ठेवून आधी ‘सा’, मग ‘सारे’, मग ‘सारेगम’ एकेका टाळीत म्हणायला लावा. लय वाढवायची नाही, टाळीत भरणा वाढवायचा. शब्दांच्या ओळीत ‘ऽ’ आला तर तोही रेघेचाच भाऊ. तिथे अक्षर लांबवायचं.

रेघांची वही

मुलांना नोटेशनसाठी एकेरी रेघांची वही घ्यायला सांगितलीत की पुढची कटकट ओढवून घेतलीत. कोमल, म्हणजे उतरवलेल्या, स्वराची खूण म्हणजे अक्षराखालची आडवी रेघ. छापील रेघेवर लिहिलेला प्रत्येक ‘ग’ मग कोमल दिसतो. मुलाने खाली मुद्दाम रेघ ओढली तरी ती वहीच्या रेघेत मिसळून जाते. शिवाय दोन ओळींच्या मधलं टिंब कुणाचं? वरच्या ‘नि’चं असेल तर तो मंद्र (खालच्या सप्तकातला), खालच्या ‘सा’चं असेल तर तो तार (वरच्या सप्तकातला).

गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक मात्रा, दोन स्वर एकाच मात्रेत असतील तर ते एकाच चौकटीत दाटीवाटीने, आणि दर ओळीनंतर दोन ओळी मोकळ्या. गिळलेली रेघ इथे लगेच पकडली जाते, कारण चौकट रिकामी राहते. माझ्या मते ही एक वही बदलली तरी अर्ध्या तक्रारी संपतात.

जाता जाता एक गंमत. समेची खूण ×, ‘खाली’ची (तालात टाळी न देण्याच्या जागेची) ०. शाळेत जाणाऱ्या पोराला या दोन्ही खुणा कशाच्या वाटतात हे वेगळं सांगायला नको. ‘ताई, हाई चुकनं का?’ असं कुणीतरी विचारतंच. पहिल्याच दिवशी समजावून टाका.

टिंब एक, अर्थ दोन

पालक कुठूनतरी जुनं पुस्तक आणतात, क्लासमध्ये वेगळंच पुस्तक असतं आणि मूल दोन्ही पद्धती एकात एक कालवतं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) या दोघांनीही स्वरलिपी तयार केल्या. दोघेही आपापल्या जागी मोठे, पण खुणा वेगळ्या. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला, खाली असेल तर मंद्रातला. पलुसकरांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडे ‘म’वर आली की तो तीव्र मध्यम, म्हणजे चढवलेला ‘म’. सम इकडे ×, तिकडे १. खाली इकडे ०, तिकडे +.

म्हणजे मूल अचानक एक अख्खं सप्तक खाली-वर उड्या मारायला लागलं तर त्याला रागावण्याआधी पुस्तकाचं पहिलं पान उघडा. खुणांचा तक्ता बहुधा तिथेच असतो. पहिली दोन-तीन वर्षं एकच पद्धत ठेवा. दुसरी ओळखायला शिकवायची ती मध्यमा परीक्षेच्या सुमारास.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक. तार षड्ज (वरचा सा) छापताना ‘सां’ दिसतो, आणि नुकतंच शाळेत अनुस्वार शिकून आलेलं मूल तो नाकातून म्हणतं. त्यात त्याची काही चूक नाही.

पेटीवर चिकटवलेली अक्षरं

पांढऱ्या पट्ट्यांवर सा, रे, ग, म असे स्टिकर लावलेल्या पेट्या घरोघर दिसतात. पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) हा सा धरला तर ते खरं आहे. पण मुलाचा आवाज तिथे बसत नसतो. पांढरी चार हा सा केलात की शुद्ध मध्यम (म) काळी पाचवर जातो. काळी एक धरली तर शुद्ध सप्तकातले फक्त ग आणि नि पांढऱ्यावर राहतात, बाकी सगळे काळ्यांवर. स्टिकर मात्र तसेच, खोटं बोलत.

यातूनच ‘काळी म्हणजे कोमल’ हा समज घट्ट होतो आणि पुढे निघता निघत नाही. नोटेशनमधला ‘ग’ ही पट्टी नव्हे, ‘सा’पासूनचं अंतर आहे, असं मुलाला ऐकवून दाखवा: तीच ओळ पांढरी एकवरून वाजवा, मग काळी एकवरून, मग पांढरी चारवरून. वहीतलं एक अक्षरही बदलत नाही. स्टिकर काढा. डिंक राहिला तर ओलसर फडक्याने पुसा, पाणी आत जाऊ देऊ नका.

कीबोर्डच्या क्लासला जाणाऱ्या मुलांचा घोळ इथेच होतो. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत ‘सी’ कायम ‘सी’च असतो, आपला सा हलतो. दोन्ही शिकायला हरकत नाही, पण ‘सी म्हणजे सा’ असं कुणी शिकवलं असेल तर ते आधी सोडवावं लागतं.

व्हॉट्सॲपवरून आलेलं नोटेशन

पालकांच्या ग्रुपवर गृहपाठ टाकायचा मोह आवरा. टाइप केलं की अक्षराखालची रेघ आणि टिंबं बहुतेक वेळा गळून पडतात, कोमल स्वरांच्या भैरवीचं नोटेशन शुद्ध स्वरांच्या बिलावलसारखं दिसायला लागतं. काही जण इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वापरतात: लहान कोमल, मोठं शुद्ध. त्यात मध्यमाचं गणित उलटं, लहान शुद्ध आणि मोठं तीव्र; फोन पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो ते वेगळंच. वहीत हाताने लिहा आणि फोटो पाठवा.

नुसतं वाचायला लावणं, लिहायला नाही

उतरवून घेणं म्हणजे लिहिणं नव्हे. फळ्यावरून वहीत उतरवलेल्या पानांनी कुणाला नोटेशन येत नाही. तुम्ही पेटीवर तीन स्वर वाजवा, मुलाने ते चौकटीत लिहावेत. तीन जमले की पाच. तयार कान इथे कामाला येतो, कारण आता तो डोळ्याची जागा घेत नाही, त्याला मदत करतो.

जरा मोठ्या मुलांना आजीच्या अहिराणी गाण्याची पहिली ओळ लिहून आणायला सांगा. बहुतेक चाली चार-पाच स्वरांतच फिरतात, त्यामुळे आवाक्यातल्या असतात. दुसऱ्या दिवशी वह्यांची अदलाबदल करा आणि ज्याने ते गाणं ऐकलेलंच नाही त्याला वाचायला लावा. त्याच्या तोंडून आजीची चाल निघाली नाही, तर लिहिणाऱ्याने आपली चौकट उघडून कुठली रेघ राहिली ते शोधायचं. त्यात तुम्ही पडू नका, पोरं आपसात भांडून काढतात.