आपल्या त्वचेसाठी फाउंडेशन कसे निवडावे

फाउंडेशन विकत घेताना सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे आपल्या रंगापेक्षा एखादी शेड उजळ बाटली उचलणे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या छायाचित्रांत ही चूक कायमची टिपली गेली आहे. अंतरपाट दूर झाल्यावर हार घालण्यासाठी वर आलेले तिचे हात गव्हाळ आहेत, गळाही गव्हाळ आहे आणि मुंडावळ्यांच्या मधला चेहरा मात्र राख फासल्यासारखा करडा दिसतो. बाटली महागडी होती, मेकअप करणारीचा हातही सराईत होता. पण ती शेड दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली, मनगटावर ठिपका लावून निवडलेली होती.

त्वचेच्या रंगासाठी आपण गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे शब्द सहज वापरतो, परंतु या सगळ्या शब्दांतून रंग किती गडद आहे एवढेच कळते. फाउंडेशन निवडताना त्याच्या जोडीला अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या आतून जाणवणारी पिवळसर, गुलाबीसर किंवा हिरवट झाकही ओळखावी लागते. उन्हाने त्वचा रापते आणि काही महिन्यांनी पुन्हा उजळते, ही झाक मात्र सहसा बदलत नाही. म्हणूनच दोन सख्ख्या गव्हाळ बहिणींपैकी एकीला जी बाटली शोभते, तीच दुसरीच्या चेहऱ्यावर नारिंगी किंवा गुलाबी दिसू शकते.

मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसल्या तर झाक पिवळसर आणि निळ्या दिसल्या तर गुलाबीसर, ही कसोटी सर्वत्र सांगितली जाते. पण गडद त्वचेवर शिरा धड दिसतच नाहीत आणि दिसल्या तरी दोन्ही रंगांच्या दिसतात, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये. त्यापेक्षा चेहरा धुऊन, कोरडा करून, दिवसा खिडकीपाशी उभे राहावे आणि हनुवटीखाली कोरा पांढरा कागद धरून आरशात पाहावे. शुभ्र रंगाशेजारी त्वचेतली झाक पुष्कळच स्पष्ट होते. हळदीचा कार्यक्रम किंवा हळद घातलेले उटणे यानंतरचे एक-दोन दिवस मात्र ही पाहणी टाळावी, कारण तेव्हा त्वचेवर हळदीचाच पिवळेपणा असतो. नवरीसाठी खरेदी असेल तर ती हळदीच्या बरीच आधी उरकावी, हे वेगळे सांगायला नको.

बाटलीवरील डब्ल्यू हे अक्षर बहुधा पिवळसर झाकेसाठी, सी गुलाबीसर झाकेसाठी आणि एन मधल्या झाकेसाठी असते. तरीही अक्षरांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मॅक या कंपनीच्या एनसी शेड पिवळसर त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू शेड गुलाबीसर त्वचेसाठी असतात, म्हणजे तेथे हा हिशेब नेमका उलटा आहे. शेडची संख्याही पाहण्याजोगी असते. २०१७ मध्ये फेन्टी ब्युटीने सुरुवातीलाच ४० शेड बाजारात आणल्या, तेव्हापासून गडद रंगांकडे इतर कंपन्यांचेही लक्ष गेले. एखाद्या मालिकेत सगळ्या मिळून सहा-सातच शेड असतील, तर सावळ्या त्वचेशी नेमकी जुळणारी शेड त्यांत मिळण्याची शक्यता कमीच असते.

आता प्रत्यक्ष चाचणी. दुकानात चेहऱ्यावर कोणताही मेकअप न लावता जावे आणि जवळपासच्या तीन शेड निवडून त्यांच्या बोटभर लांबीच्या रेघा गालाच्या खालच्या भागापासून जबड्याच्या कडेवरून मानेपर्यंत, शेजारी शेजारी ओढाव्यात. सर्वांच्या हाताळणीतली नमुन्याची बाटली थेट चेहऱ्याला लावू नये. स्वच्छ कापसाची काडी मागून घ्यावी. मनगट किंवा तळहाताची मागची बाजू यांचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो, म्हणून तेथे पाहून काही उपयोग नाही. रेघा ओढल्यावर विक्रेतीने कितीही गोड बोलून थांबवले तरी दुकानाबाहेर यावे, सावलीत पण उजेडात उभे राहावे आणि हातातल्या लहान आरशात पाहावे. जी रेघ शोधावी लागते ती आपली शेड. जी पांढुरकी किंवा करडी दिसते ती उजळ आहे, आणि जी विटकरी दिसते ती गडद तरी आहे किंवा तिची झाक तरी चुकलेली आहे.

एवढ्यावर लगेच पैसे देऊ नयेत. फाउंडेशनमधील उडून जाणारे द्रव कमी झाल्यावर आणि त्वचेचे तेल त्यातल्या रंगद्रव्यांत मिसळल्यावर रंग थोडा गडद किंवा नारिंगी होतो आणि तेलकट त्वचेवर हा बदल अधिक जाणवतो. अर्धा-एक तास बाजारात इतर कामे करून परत आरशात पाहावे. मघाशी लपलेली रेघ आता उठून दिसत असेल, तर त्याच झाकेतली किंचित उजळ शेड घेणे रास्त ठरते. उजळ शेड घेण्याचे मला पटणारे कारण हे एवढेच.

अनेकींचे कपाळ आणि ओठांभोवतालचा भाग गालांपेक्षा गडद असतो. अशा वेळी गालाशी जुळणारी शेड घेतली की चेहरा मानेपासून सुटा दिसतो, म्हणून शेड मान आणि छातीच्या वरच्या भागाशी जुळवावी आणि काळसर भागांवर आधी नारिंगी किंवा पीच रंगाच्या करेक्टरचा, म्हणजे डागांचा काळेपणा झाकणाऱ्या मेकअपचा, पातळ हात द्यावा. फाउंडेशनचे थर वाढवून डाग झाकू पाहिले की ते आणखी राखाडी दिसतात.

त्वचेचा प्रकार ओळखण्यासाठी चेहरा धुऊन तासभर काहीही लावू नये. सगळा चेहरा चमकला तर त्वचा तेलकट, फक्त कपाळ व नाक चमकले तर मिश्र, आणि ताणल्यासारखे वाटले तर कोरडी. तेलकट त्वचेला, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, तेलविरहित मॅट, म्हणजे चमक नसलेले, फाउंडेशन टिकते. कोरड्या त्वचेवर तेच मॅट फाउंडेशन नाकाच्या कडेला आणि डोळ्यांखाली भेगाळते. तिला ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असलेले पातळ फाउंडेशन मानवते. रोज कार्यालयात जाण्यासाठी दाट थराची गरज बहुतेकींना नसते. त्वचा लवकर चिडत असेल, तर कानामागे थोडेसे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

बाटलीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, लिहिलेला असला तरी सनस्क्रीन वेगळे लावावेच. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजलेला असतो आणि तेवढे फाउंडेशन कोणी चेहऱ्यावर थापत नाही. सनस्क्रीन त्वचेवर बसेपर्यंत काही मिनिटे थांबावे, नाहीतर वरचे फाउंडेशन खोडरबराच्या चुऱ्यासारखे गोळा होऊन निघते. समारंभासाठीचे फाउंडेशन असेल तर ते लावून मोबाइलचा फ्लॅश सुरू ठेवून एक छायाचित्र काढावे, कारण टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड जास्त असलेले फाउंडेशन आरशात उत्तम दिसूनही फ्लॅशमध्ये पांढरे उमटू शकते.

ऐन मे महिन्यात घेतलेली शेड हिवाळ्यात गडद वाटू लागली, तर तिच्याच झाकेची एक उजळ बाटली घेऊन दोन्हींचे थेंब तळहातावर मिसळता येतात. बाटलीच्या मागे उघड्या डबीच्या चित्रात १२एम असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. म्हणून पहिल्यांदा झाकण उघडाल त्या दिवशीची तारीख बाटलीच्या तळाशी पेनाने लिहून ठेवावी.