कत्तलखान्यात अळ्या होतायत? या चुका टाळा

कोल्हापुरात आकाड म्हणजे मटणाचे दिवस. वर पाऊस आणि दमट हवा. कत्तलखान्यात, मटणाच्या दुकानात अळ्या याच दिवसांत जास्त त्रास देतात. फवारणी होते, दोन दिवस बरे जातात, पुन्हा अळ्या दिसतात. फवारणीने उडती माशी मरते, तिची पिलावळ मात्र घाणीत सुरक्षित असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अळ्या दिसल्या तेवढीच जागा धुणे. हिरवी-निळी चकाकणारी माशी मांसावर, सांडलेल्या भागावर अंडी घालते आणि उबदार हवेत ती एका दिवसात फुटतात. चार-पाच दिवस खाऊन पोसलेली अळी कोषात जाण्यासाठी ओल सोडून कोरड्या जागी सरकते. त्यामुळे भिंतीकडेला किंवा पोत्याखाली जाड अळ्या सापडल्या, तर त्या तिथे जन्मलेल्या नाहीत. चार-पाच दिवसांपूर्वीची घाण आसपास पडून आहे, ती शोधा. गटाराच्या जाळीखालची चरबी, फरशीच्या फुटक्या सांध्यात मुरलेलं रक्त, ओंडक्याच्या भेगा, कचऱ्याच्या पिंपाचा तळ. पिंप रोज रिकामं होतं, पण घासून धुतलं जात नाही, आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो. बारीक अळ्यांचा घोळका दिसला तर उगम मात्र त्या घोळक्याच्या जागीच समजा. तपकिरी कोषांवर औषध फारसं चालत नाही, ते झाडून गोळा करून नष्ट करा.

वजडी साफ करताना निघालेलं शेण बाजूला ढीग करून ठेवू नका. घरमाशीला तेच हवं असतं, आणि उन्हाळी हवेत अंड्यापासून माशी व्हायला तिला आठ-दहा दिवस पुरतात. शेण, रक्त, आतडी वेगवेगळ्या झाकणाच्या पिंपांत घालून त्याच दिवशी हलवा.

धुण्याचा क्रमही चुकतो. आधीच कढत पाणी ओतलं की रक्त शिजून फरशीला घट्ट बसतं. आधी खरवडून घाण उचला, मग गार पाणी, मग साबण आणि ब्रश, आणि जंतुनाशक शेवटी. घाणीवरच टाकलेल्या ब्लिचिंग पावडरची ताकद त्या घाणीतच संपते. सुऱ्यांसाठी मात्र, धुऊन झाल्यावर, ८२ अंशांचं पाणी हवंच.

मांस उघडं असताना कीटकनाशक फवारणं हा तर गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे. माश्यांसाठी दिवा लावायचा तर चिकट पट्टीचा घ्या, आणि मांसाच्या डोक्यावर नको.

मुंडी फोडताना नाकाच्या पोकळीत जाड अळी निघाली तर घाबरू नका, कामगारावरही ओरडू नका. ती शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात अळ्या सोडणाऱ्या माशीची. जनावर जिवंत असतानाच तिची अळी नाकात शिरते, तुमच्या स्वच्छतेचा त्यात दोष नाही. तो भाग वेगळा काढून टाका. जनावराच्या अंगावरच्या जखमेत अळ्या असतील, तर मात्र ते कापण्याआधी पशुवैद्यकांना दाखवा.

श्रावणात धंदा मंदावतो. कुलूप लावण्याआधी गटार उपसून कोरडं करा. आत राहिलेली ओली घाण बंद दाराआड आरामात माश्या तयार करते.