बाद झाल्यावरची पाच मिनिटं

धाराशिवकडं खो-खो खेळणाऱ्या पोरींना एक नाव सुरुवातीपासून ऐकवलं जातं: सारिका काळे, 2020 चा अर्जुन पुरस्कार. आमची मजल तिथवर गेली नाही. 17 वर्षांखालच्या गटात खेळले, मग 19 च्या, आणि बारावीबरोबर खेळही संपला. पुढं मानसशास्त्रात एम.ए. केलं. आता संध्याकाळी एका मैदानावर मुलींसोबत बसते. खेळाडूंच्या मनावर काम करायच्या या वाटेनं येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

एम.ए.च्या पहिल्याच सत्रात यर्क्स आणि डॉडसन हे मानसशास्त्रज्ञ भेटतात. 1908 मध्ये उंदरांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं, की ताण थोडा वाढला तर शिकणं सुधारतं, पण काम अवघड असलं आणि ताण फार झाला की बिघडतं. परीक्षेत आलेख काढला की मार्क मिळतात. मला तो कळला मात्र स्वतःच्या आठवणीतून. खो-खोत बचावाला तिघी-तिघींची तुकडी उतरते. मी कायम दुसऱ्या तुकडीत. पहिलीला विचार करायला वेळच नसतो. आम्ही बाहेर बसून हात गार पडेपर्यंत वाट बघायचो. मला जांभयांवर जांभया यायच्या. सर ओरडायचे, "झोपायला आलीस का?" झोप कसली, तो ताण होता. जांभई देणारी पोरगी दिसली तर तिला आळशी समजू नका. उठवा, दोन चकरा मारायला लावा.

माझी पहिली चूक सांगते. चिंतेची प्रश्नावली इंग्रजीतून मराठी करून मैदानावर वाटली. सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच, "कधी कधी." शेजारी प्रशिक्षक उभे होते आणि दोन दिवसांवर निवड होती, कोण कशाला खरं लिहील? एका मुलीनं नंतर हळूच विचारलं, "म्याडम, हे कागद सरांकडं जाणार का?" तेव्हापासून, बोललेलं कुणाकडं जाणार आणि कुणाकडं नाही, हे मी आधीच सांगते. प्रश्नावलीही आता मैदानावर काढत नाही. परतीच्या एसटीत निम्मं काम होतं.

बाद होऊन आलेल्या मुलीला लगेच चूक समजावणारे खूप असतात, त्यात आईवडीलही आले. त्या पाच मिनिटांत तिच्या डोक्यात काही शिरत नाही. पाणी द्या, टॉवेल द्या, गप्प बसा. अंतिम सामना हरलेल्यांना तर जास्तच जपा. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे अभ्यासले, तेव्हा रौप्यवाल्यांपेक्षा कांस्यवाले खूश दिसले होते. थोडक्यात हुकलेलं जास्त सलतं. आणि जिंकलं म्हणून सुटका होते असंही नाही. 2008 च्या ऑलिम्पिक सुवर्णानंतर आपल्याला पोकळी जाणवली, हे नेमबाज अभिनव बिंद्रानं जाहीरपणे सांगितलंय.

आता पोटापाण्याचं. एम.ए. झालं म्हणजे उपचार करता येतात, या भ्रमात राहू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. जीव द्यायची भाषा ऐकली तर मुलीला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, जिल्हा रुग्णालयात न्या. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये हवाच. पैसे? मला पहिलं वर्षभर जाण्यायेण्याचा खर्च मिळाला, तोही मागून मागून. शिकवण्यांवर भागवलं.

खेळ सुटल्यानंतरच्या काळाकडं मात्र आपल्याकडं कुणी बघत नाही. प्रमाणपत्र आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, मग रडायचं कशाला, असं घरचे म्हणतात. बारावीनंतर वर्षभर मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायचे, मैदान दिसू नये म्हणून. गल्लीत मी "खो-खोवाली" होते. खो-खो गेल्यावर मी कोण, ते मलाच सांगता येईना.

परवा आमच्यातली एक जुनी खेळाडू पोलीस भरतीच्या सरावाला आली. खांबाजवळ फिरकेना, मैदानाच्या कडेकडेनं पळत होती. मी काही विचारलं नाही, सोबत पळायला लागले. चौथ्या चकरेला मला धाप लागली. ती हसली, आणि बोलायला लागली.